झाडांचे हजेरी नंबर

आयलंड पाँड तळ्याच्या अलीकडे बाबा एका ओकपाशी थांबले आणि बुंध्यावरचा पांढरा पट्टा नखानं खरवडून बघू लागले.

"चुना नाहीये. पेंट आहे," त्यांनी जाहीर केलं.

बाबा जर्सीला आले की आठव्या दिवशी कंटाळतात. देऊळ झालं, मॉल झाले, मग गाडीत घालून त्यांना हॅरिमन स्टेट पार्कला आणलं. न्यूयॉर्कपासून जेमतेम तासाभरावर एवढं जंगल आणि एवढे कातळ असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण त्यांचं लक्ष जंगलाकडे कमी आणि पट्ट्यांकडेच जास्त.

दोन इंच रुंद, सहा इंच उंच, ही ॲपलाचियन ट्रेल या पायवाटेची खूण. जॉर्जियापासून मेनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटर हाच पट्टा, आणि त्या वाटेचा पहिला तुकडा १९२३ साली इथंच, बेअर माउंटन आणि हॅरिमनमध्ये, खुला झाला. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आलं. वरचा जिकडे सरकलेला, तिकडे वळायचं. मधूनच दुसऱ्या वाटा आडव्या जातात, कुणाचा पांढऱ्यावर लाल ठिपका, कुणाचा लाल त्रिकोण. मी सांगितलं, हे रंगकाम हौशी माणसं सुटीच्या दिवशी येऊन करतात, फुकट.

"फुकट?" बाबा म्हणाले. "मग मस्टर कोण भरतं?"

मला स्वतःला या पट्ट्यांचं वेड आहे. एक मागे पडला की पुढचा दिसेपर्यंत मी बोलत नाही. घरचे हसतात. पण ज्यानं सह्याद्रीत वाटा चुकवल्यात त्याला हे कळेल. तिथं खूण म्हणजे कातळावरचा बाण, तोही बदामात कोरलेल्या दोन नावांच्या शेजारी, आणि बाण नेमका कुठल्या गडाचा हे काढणाऱ्यालाच ठाऊक. मामा तर बाणांवर विश्वासच ठेवायचा नाही. गुराख्याला विचारायचा. गुराखी काठीनं डोंगर दाखवून "ह्ये काय, हितंच" म्हणायचा, की आमचे दोन तास गेले.

लेमन स्क्वीझरपाशी आलो. दोन अजस्र कातळांमधली ती चिंचोळी फट. सॅक काढून हातात धरायची, पोट आत घ्यायचं आणि तिरकं व्हायचं. बाबा रिटायर झाल्यापासून रोज पोट कमी करायचं म्हणतात. त्या कामाची तपासणी इथं झाली. पुढच्या उभ्या चढाला बाजूनं सोपी वाट आहे, तशी खूणही आहे. ती दिसलीच नाही असं बाबांचं म्हणणं.

तर पेंट. झाडाच्या बुंध्यावर रंग दिसला की माझ्या पोटात अजून काहीतरी हलतं. बाबा रस्त्याच्या कामावर होते. मी दुसरीत असताना एका मे महिन्यात ते गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या झाडांना नंबर घालत होते आणि रंगाचा डबा धरायला मी होते. वड, चिंच, कडुनिंब, मध्येच एखादा आंबा. आधी तारेच्या ब्रशनं साल घासायची, मग पांढरा चौकोन, चौकोन वाळला की त्यात काळा आकडा. झाडांना शाळेत घातलंय आणि हे त्यांचे हजेरी नंबर, अशी माझी समजूत. एका चिंचेवर नंबर घालायचा हट्ट धरला. एकतीस लिहायचे होते. माझा तीन तेव्हा उलटा पडायचा, म्हणजे सहा व्हायचा. एकसष्ट झाले. बाबांच्या लक्षात आलं नाही, मी सांगितलं नाही.

नंबर कशासाठी होते ते सामान बांधताना आईच्या बोलण्यातून कळलं. झाडं पडायच्या आधीच आमची बदली झाली. एकतीस नंबर कुठं नव्हताच, तेव्हा ती चिंच कुणाला सापडली नसेल, असं मी धरून चालले. कितीतरी वर्षं. परत त्या रस्त्यानं जायची वेळ आली नाही, किंवा येऊ दिली नाही म्हणा.

उतारावर एक ओक वाटेत आडवा पडला होता, मुळांसकट. त्याचा पांढरा पट्टा आभाळाकडे तोंड करून. बाबा त्याच्यावरच टेकले, पाणी प्याले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आपल्या त्या रस्त्यावर किती झाडं होती हो?"

"दोनशे सतरा." आठवायलासुद्धा थांबले नाहीत. बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाले, "एकसष्ट दोनदा पडलं होतं. नंतर जाऊन दुरुस्त केलं मी."

मग उठले, पँट झटकली.

"पुढचा पट्टा कुठं दिसतोय का बघ."