जुनी जर्मन सेडान घेताय? आधी हा हिशोब बघा

नवीन ब्रेझाच्या पैशात मर्सिडीजची जुनी ई-क्लास नाहीतर बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज मिळतेय, घेऊ का, हा प्रश्न मला ओळखीतल्या इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकतो. मी स्वतः पुण्यात २०१३ ची जर्मन डिझेल सेडान वापरतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला जे सांगायचंय ते मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या तिन्ही जर्मन कंपन्यांच्या गाड्यांना लागू आहे.

मुख्य गोष्ट ही की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. त्या काळात ४५-५० लाख ऑनरोड पडलेली गाडी आज ८-१० लाखात मिळते, पण तिचा हेडलाइट, तिचे इंजेक्टर, तिचा सस्पेन्शनचा स्ट्रट हे सगळं अजून ५० लाखांच्या गाडीचंच आहे आणि शोरूमचा लेबर रेट पण त्याच हिशोबाने लागतो. एक अॅडॅप्टिव्ह हेडलाइट फुटला तर लाखाच्या वर बिल जाऊ शकतं, म्हणजे गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा एका दिव्यात. जो माणूस खिशातले सगळे पैसे खरेदीतच घालतो त्याच्या पहिल्याच मोठ्या कामाला नाकीनऊ येतात, आणि मग काम पुढे ढकललं जातं, आणि ढकललेलं काम या गाड्यांमध्ये दुसरं काम काढतं.

लोक बघतात फक्त किलोमीटर. "४० हजारच चाललीय, डॉक्टरांची गाडी आहे." अहो पण दहा-बारा वर्षं झाली ना तिला! रबर आणि प्लॅस्टिक मीटर बघून म्हातारं होत नाही. कंट्रोल आर्मचे बुश, इंजिन माउंट, कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप आणि थर्मोस्टॅटचं हाउसिंग, ऑइलचे सील, हे सगळं आपल्या उन्हात आणि इंजिनच्या गरमीत कडक होऊन तडकतं, गाडी उभी असली तरी. मर्सिडीजच्या एअर सस्पेन्शनची बॅग पण शेवटी रबरच आहे, तिला चीर गेली की सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, आणि तशीच चालवत राहिलात तर हवा भरून भरून कंप्रेसर जातो, म्हणजे एकाची दोन कामं.

माझ्याकडचं उदाहरण सांगतो. आमच्या सोसायटीत गाडी बकुळीच्या झाडाखाली लागायची. एका पावसाळ्यात आधी पार्किंग सेन्सर बंद पडले, मग डिकी आपोआप उघडायला लागली, मग रोज सकाळी बॅटरी डाउन. शोरूमने मॉड्यूल (हे सगळं चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि वायरिंग दोन्ही बदलायचं एस्टिमेट दिलं, दीड लाखाच्या आसपास. मी गाडी एका बाहेरच्या गॅरेजला नेली, तिथले दादा फक्त जर्मन गाड्याच करतात. त्यांनी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र, लावायच्या आधी डिकीचा गालिचा उचलला. खालचा फोम पिळला तर पाणी गळत होतं, आणि बॅटरीशेजारच्या मॉड्यूलच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी खाली न्यायला बारीक नळ्या असतात, त्यातल्या मागच्या नळीत बकुळीची फुलं आणि माती बसून पाणी आत उतरत होतं. त्यांनी हवेचं प्रेशर मारलं नाही, कारण त्याने नळी आतल्या आत जोडातून सुटते, जाड तंगूस घालून हळूहळू मोकळी केली, पिना साफ केल्या, दोन दिवस सगळं उघडं ठेवून वाळवलं. बिल काही हजारांत आलं आणि ते मॉड्यूल आजही चालू आहे. म्हणून म्हणतो, गाडी शोधायच्या आधी असा माणूस शोधा. तोच तुम्हाला सांगेल की डब्यावर गाडीच्या कंपनीचा लोगो नसलेला लेमफॉर्डर, साक्स, माहले किंवा बॉश या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचा पार्ट बऱ्याचदा कंपनीत बसवला होता तोच असतो आणि बराच स्वस्त पडतो.

प्रत्येक इंजिनची आपली आपली दुखणी आहेत, ती माहीत करूनच बघायला जा. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी मधलं जुनं एन ४७ डिझेल, त्याची टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणारी साखळी) इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, त्यामुळे चेन झिजून आवाज यायला लागला की खर्च चेनचा कमी आणि उतरवाउतरवीचा जास्त. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या ई२५० सीडीआय मध्ये पिएझो इंजेक्टरचा, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या पार्टचा, त्रास होता. त्या काळातल्या ऑडी ए४ पेट्रोलमध्ये पिस्टन रिंगमुळे ऑइल पिण्याची तक्रार जगभर आहे. आणि ज्या गाडीत झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आठ स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे तिथे "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असं सांगतील, ते ऐकू नका. खुद्द झेडएफच साधारण ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते.

बघायला जाताना मालकाला सांगा की गाडी आधी चालू करू नका, थंड इंजिनचा पहिला आवाज ऐकायचाय. चांगला स्कॅनर बरोबर न्या, कारण या गाड्यांत किलोमीटर मीटरशिवाय दुसऱ्या मॉड्यूलमध्येही नोंदलेले असतात, मीटर मागे घेतला असेल तर बऱ्याचदा तिथे पकडला जातो. सर्व्हिसची बिलं मागा. नुसता शिक्के मारलेला बुक नको, बिलं.

दिल्लीची गाडी दोन लाखांनी स्वस्त दिसते त्याचं कारण वेगळं आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, बंदी आणली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या बाहेर निघाल्या. पण इकडे आणायची तर एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरावा लागतो, तोही मूळ किमतीवरून गाडीच्या वयाप्रमाणे काढलेला, तुम्ही किती लाखाला घेतली त्यावर नाही. आधीच्या राज्यातला रिफंड मागायला पुन्हा तिथल्या आरटीओचे हेलपाटे. आरटीओत आकडा काढून घ्या आणि मगच टोकन द्या.

माझा स्वतःचा हिशोब असा, डिझेल आणि इन्शुरन्स सोडून वर्षाला दीड लाख बाजूला. काही वर्षी अर्धेच लागतात, एखाद्या वर्षी सस्पेन्शन किंवा टर्बो निघाला की सगळे जातात. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट घ्याच, पाण्यात बंद पडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही, आणि या इंजिनांची एअर इनटेक काही फार उंचावर नसते. एवढं करून मी ही गाडी का ठेवलीय? कारण खंबाटकी उतरून साताऱ्याकडे लागलं की ती ज्या शांतपणे रस्ता धरते, मागे आई झोपलेली असते तिला स्पीडब्रेकरसुद्धा कळत नाही, ते मला दहा लाखाच्या नवीन गाडीत मिळालेलं नाही. मला ही गाडी मनापासून आवडते आणि म्हणूनच तिच्यावरचा खर्च मला जड जात नाही, पण तो आधीपासून धरलेला आहे.

आता पुढचं काम टायरचं. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी एका रनफ्लॅटच्या (पंक्चर झाला तरी काही अंतर चालणारा टायर) साइडवॉलला फुगा आलाय, आणि रनफ्लॅटवाल्या गाडीत बऱ्याचदा स्पेअर येत नाही. यावेळी चारही साधे टायर टाकून डिकीत छोटा स्पेअर ठेवायचा विचार आहे, कुणी असं केलं असेल तर गाडीच्या हँडलिंगमध्ये फरक पडला का ते कळवा.