तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट लुईस सेफ आहे का?

मार्च-एप्रिलमध्ये ॲडमिशनची पत्रं आली की फोन सुरू होतात. कुणाच्या मावसबहिणीची मुलगी, कुणाच्या सोसायटीतल्या काकांचा नातू. आधी थंडी किती पडते, मग भाडं किती, आणि मग आवाज जरा खाली आणून: "तुमचं सेंट लुईस सेफ आहे ना हो? गूगलवर भलतंच काही दिसतंय."

गूगलवर जे दिसतं ते मला पाठ आहे. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या या तीन लाख वस्तीच्या शहरात 2020 मध्ये 263 खून झाले, म्हणजे लाखामागे 87. त्याच वर्षी न्यू यॉर्कचा दर लाखामागे पाच-साडेपाच होता. शिकागोचं नाव काढलं की सगळे दचकतात. तिथे साधारण 770 खून झाले, पण वस्ती सत्तावीस लाख, म्हणून दर आमच्या एक तृतीयांश. आपल्या अख्ख्या भारताचा दर लाखामागे दोनच्या आसपास असतो. तेव्हा घाबरू नका, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

तरी सांगते. आणि सांगायला लागले की थेट 1876 वर जाते. ("लागली हिची टेप," इति नवरा.) त्या वर्षी शहराने काउंटीशी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाशी, फारकत घेतली. आसपासच्या शेतीवाडीच्या मुलखाचा खर्च आपल्या करातून कशाला, असा तो हिशोब होता. तेव्हापासून हद्द तिथेच गोठली, जेमतेम 160 चौरस किलोमीटरवर. 1950 मध्ये एवढ्या जागेत साडेआठ लाख माणसं होती. पुढे गोरी कुटुंबं हद्दीबाहेर गेली, मग ज्यांना जमलं ती कृष्णवर्णीय कुटुंबंही गेली. आज काउंटीत दहा लाख आहेत आणि शहरात तीन. इंडियानापोलिसने 1970 मध्ये आपली काउंटी पोटात घेतली, लुईव्हिलने 2003 मध्ये. त्यांचा दर काढताना उपनगरांतली हिरवळवाली घरं छेदात धरली जातात, आमची धरली जात नाहीत. एफबीआयनेही वर्षानुवर्षं आपल्या आकड्यांसोबत तंबी दिली आहे की यावरून शहरांची क्रमवारी लावू नका.

यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण "आम्हालाही मोजा" असा आग्रह धरणारी मी राहते काउंटीत, चेस्टरफील्डला. शाळा चांगल्या म्हणून घर तिकडे घेतलं. हे फोनवर शेवटी सांगते, तेही कुणी विचारलं तर.

2020 च्या उन्हाळ्यात आमच्या लॅबमधल्या एकीचा भाचा गेला. ती माझ्याहून वयाने मोठी, हाताला पक्की. मी नवीन होते तेव्हा निम्मं काम मला तिनेच शिकवलं. तिच्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा गाडीत बसला होता, तिथेच त्याला गोळ्या लागल्या. मयताला मी एकटी गेले. डेलमार बुलेवार्डच्या उत्तरेला, नॅचरल ब्रिज रस्त्याच्या बाजूला. डेलमार म्हणजे शहर दुभागणारा रस्ता: उत्तरेला बहुतेक कृष्णवर्णीय वस्ती, दक्षिणेला बहुतेक गोरी. त्या भागातून मी गाडी कधी न्यायची तर विमानतळाकडे जाताना रस्ता चुकला तरच. करोनामुळे आत थोड्याच लोकांना सोडत होते, बाकी सगळे पार्किंगमध्ये उन्हात उभे. मुलांच्या अंगात त्याचा फोटो छापलेले टी-शर्ट, खाली जन्मतारीख आणि ती दुसरी तारीख. चार दिवसांत एवढे टी-शर्ट तयार कसे झाले, हाच विचार माझ्या डोक्यात. मग कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं की छापणारा ओळखीचाच आहे, या गल्ल्यांतून त्याच्याकडे नेहमी जाणं होतं. समोर एका लाल विटांच्या घराची मागची भिंतच नव्हती. जुन्या विटांना भाव येतो म्हणून चोर रिकाम्या घरांच्या विटा काढून नेतात. माझी मैत्रीण बाहेर आली, माझा हात धरून उभी राहिली आणि भाच्याबद्दल एक शब्द बोलली नाही. आपण होमर फिलिप्स या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात जन्मलो, ते कसं नावाजलेलं होतं, 1979 मध्ये ते बंद केलं तेव्हा लोक कसे रस्त्यावर उतरले, हेच बोलत राहिली. तिचा एक भाऊ अदबीने म्हणाला, "कुठे राहता?" मी सांगितलं. "छान आहे तिकडे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

काही आठवड्यांनी जेवणाच्या खोलीत बॉस्टनहून आलेल्या एका नव्या डॉक्टरला मी 1876 ऐकवत होते. मैत्रीण मायक्रोवेव्हपाशी उभी होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "काउंटी धरली की दर खाली येतो, समजलं. माझ्या बहिणीच्या वस्तीचा वेगळा काढला तर किती येतो?"

मी तो काढला नव्हता. त्या रात्री काढला. इथे लिहीत नाही. दोन-चार हजार वस्तीवर एका वर्षाचा दर काढणं शास्त्रशुद्ध नाही, एखादी घटना इकडची तिकडे झाली तरी तो भलताच हलतो. कारण खरं आहे. तिलाही मी तेच सांगितलं. तिने मान डोलावली आणि डबा उघडला.

तेव्हापासून टेप वाजवताना मी अडखळते, आणि याचा मला रागही येतो, कारण गणित माझ्याच बाजूने आहे. की नाही? बाल्टिमोरही आमच्यासारखंच काउंटीपासून तुटलेलं शहर. तिथे 2022 मध्ये 330 च्या वर खून झाले आणि 2024 मध्ये 201. हद्द तीच, छेद जवळपास तोच. आमच्याकडेही 2024 मध्ये आकडा 150 वर आला, 2013 नंतरचा सर्वांत कमी. म्हणजे 1876 ची रेघ जागची न हलताही माणसं वाचू शकतात. मिसुरीने 2007 मध्ये पिस्तूल विकत घ्यायला लागणारा परवाना रद्द केला आणि 2017 पासून ते बाळगायलाही परवाना लागत नाही. या दोन वर्षांबद्दल फोनवर मला कुणी विचारत नाही आणि मीही आपणहून सांगत नाही. हद्दीचा किस्सा सांगायला सोपा. शिवाय 2014 ते 2023 या काळातल्या निम्म्याहून जास्त खुनांचा छडा लागलेला नाही. भाच्याचाही नाही.

"पण हे सगळं त्यांच्या त्यांच्यात चालतं ना?" हा तुमचा पुढचा प्रश्न. बळी बहुतेक तरुण कृष्णवर्णीय पुरुष असतात हे खरं, पण हा प्रश्न मला ऐकवत नाही. एकेकाळी मीच हे वाक्य दिलासा म्हणून वापरायचे. फेब्रुवारी 2024 मध्ये भारतातून नृत्य शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याचा इथे गोळ्या घालून खून झाला. आठवडाभर माझा फोन थांबत नव्हता आणि तो दिलासा कुणालाच नको होता.

मग मुलीला पाठवायचं की नाही? पाठवा. फॉरेस्ट पार्कच्या आसपास, विद्यापीठाची बस जाते त्या रस्त्यांवर घर बघा, रात्री एकटीने चालत फिरू देऊ नका. हे म्हणजे तुमच्या मुलीला डेलमारच्या दक्षिणेला ठेवा असंच सांगणं झालं, हे मला कळतं. मी माझ्या मुलांना त्याहून लांब ठेवलं.

हल्ली मी दोन्ही दर सांगते, शहराचा आणि काउंटी धरून येणारा. नवरा म्हणतो, दोन सांगितलेस तरी लोक मोठाच लक्षात ठेवणार. ठेवोत.