टेबल आवरलं आणि काम थांबलं

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून लोकांना मदत करते. बरीच वर्षं लहान मुलांबरोबर काम केलं, हल्ली मोठी माणसंही येतात. त्यातल्या डिस्प्रॅक्सियाच्या, म्हणजे हालचालींचा मेळ नीट न बसण्याच्या, एका केसबद्दल लिहितेय, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बाई हिशेब तपासणीच्या कामात, तिशी ओलांडलेली, बोलणं एकदम स्पष्ट. ऑफिसच्या रिव्ह्यूमध्ये आलं होतं की काम चोख पण शिस्त नाही, टेबलावर कायम पसारा, मीटिंगच्या नोट्स अर्धवट. पण नुसत्या तेवढ्यासाठी त्या आल्या नसत्या. झालं असं की त्या सुट्टीवर असताना कुणीतरी अगदी चांगल्या मनाने त्यांचं टेबल आवरलं, सगळे कागद फायलींना लावून कपाटात ठेवले, आणि परत आल्यावर त्यांना काम सुरूच करता येईना. "कुठलं काम कुठवर आलंय तेच कळत नव्हतं हो, आणि सगळे म्हणतायत बघ किती छान दिसतंय." हे सांगताना रडायलाच लागल्या.

मोठ्या माणसांच्या बाबतीत लहानपण खोदून विचारावं लागतं, कारण डिस्प्रॅक्सिया म्हणजे डीसीडी (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर) वयाच्या तिशीत अचानक सुरू होत नाही. बटणं, बुटाच्या लेस, चेंडू झेलणं, सायकल, अक्षर, सगळीकडे तेच उत्तर, नीट जमायचं नाही. शाळेत शेरा ठरलेला, हुशार आहे पण वेंधळी आहे. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, हे मेंदूच्या वाढीशी संबंधित विकारांत धरलंय, शाळकरी मुलांपैकी साधारण 5 ते 6 टक्क्यांत दिसतं, बुद्धीशी संबंध नाही, आणि बऱ्याच जणांत मोठेपणीही टिकून राहतं. तरी मोठ्यांकडे बघून कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तोवर त्यांनी ते लपवायला शिकून घेतलेलं असतं.

मग मी त्यांना काही सुटे कागद दिले, पंच करून फायलीला लावा म्हटलं, आणि लावता लावता सांगा की ऑफिसातला तुमचा दिवस कसा जातो. वाक्य छान सुरू झालं आणि पंच हातात घेताच मधेच थांबलं. कागद टेबलावर आपटून कडा जुळवल्या, तरी एक कागद सरकला, परत सगळे आपटले. मी प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर आलं, पण हात जागच्या जागी थांबले! फायलीच्या पत्र्याच्या पट्टीत कागदाची भोकं अडकवताना तर श्वास रोखून धरलेला. बाकीच्यांचे हात जे आपोआप करतात, बोलता बोलता, ते त्यांना प्रत्येक वेळी डोकं लावून करावं लागतं, म्हणजे "जरा लक्ष देऊन कर ना" हा जो सल्ला त्यांनी जन्मभर ऐकला तो किती चुकीचा आहे बघा, लक्ष तर सगळं तिथेच लागलेलं असतं, दुसऱ्या कशासाठी उरतच नाही. मीटिंगमध्ये लिहायला घेतलं की ऐकणं बंद, त्याचं कारण हेच. संध्याकाळपर्यंत थकून जातात त्याचंही.

टेबलाचं मी नीट विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याच टेबलावर कागद मांडून दाखवले. डावीकडच्या कोपऱ्यात उत्तराची वाट बघणारे, कीबोर्डजवळ आजचे, तिरके ठेवलेले म्हणजे आकड्यात शंका आहे. जे नजरेआड ते डोक्यातून गेलं, म्हणून काहीच आत ठेवायचं नाही. तो पसारा म्हणजे त्यांची स्मरणशक्ती होती आणि कुणीतरी ती उचलून कपाटात ठेवली. माझं स्पष्ट मत आहे, विचारल्याशिवाय कुणाचं टेबल आवरू नये, कितीही मायेने असो.

डीसीडीबरोबर एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, बऱ्याचदा असतो, त्यामुळे ती तपासणी वेगळी करून घ्या म्हणून मी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. आमच्याकडचं काम गोल-प्लॅन-डू-चेक पद्धतीने केलं, यात थेरपिस्ट उपाय हातात देत नाही, माणूस स्वतः प्लॅन काढतो, करून बघतो, आणि कुठे अडलं ते शोधतो. त्यांनी काढलेले उपाय मला सुचले नसते. त्याच जागांवर वरून उघडे पारदर्शक ट्रे, आणि सुट्टीवर जायच्या आधी टेबलाचा फोटो. ऑफिसला द्यायचं पत्र मात्र आम्ही मिळून लिहिलं: सूचना तोंडी नको, ईमेलवर द्या, मीटिंगच्या नोट्स दुसऱ्या कुणीतरी घ्या, टेबलाला हात लावू नका. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य झाल्या, टेबलावरून अजून चर्चा चालू आहे.

अक्षर सुधारायचं का असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, तुम्ही दिवसभर टाइप करता, सही लागते तेवढी येते, त्यावर महिने कशाला घालवायचे, त्यापेक्षा पंचचं बघू. मग पंचला कागद टेकवायची पट्टी लावली आणि कडा जुळवायचं काम हातांवरून गेलं. आता फाइल लावताना त्या बोलू शकतात, हळू, पण बोलतात.