रकान्यातले नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची माहिती मागवणारा जो छापील अर्ज आला, त्यात 'पत्नीचे / पतीचे नाव' असा एक रकाना होता. तो रिकामा सोडावा की भरावा या विचारात आठ दिवस गेले, आणि अखेरीस गेली बारा वर्षे पुण्यात ज्याच्याबरोबर माझा संसार चालला आहे त्याचे नाव मी तेथे लिहिले. दोन दिवसांनी संपादक मंडळातल्या माझ्या वर्गमित्राचा फोन आला. "चुकून लिहिलंस का रे?" त्याने विचारले. मी नाही म्हणालो. बराच वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तर मग नुसत्या अर्जावर भागायचं नाही. तू मनोगतच लिहून दे." त्याच्या या शब्दाखातर लिहितो आहे.

मी समलिंगी आहे. याची जाणीव ज्या वयात झाली ते सगळे वय लातूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी, याच शाळेत गेले. मार्च १९९४ मध्ये दहावीची परीक्षा देऊन मी येथून बाहेर पडलो. त्या काळात 'बायल्या' या हाकेला मी माझ्या नावाइतकाच सरावलो होतो. ही हाक माझ्या चालण्याबोलण्यावरून पडली होती, माझ्या मनात काय आहे याची कोणाला कल्पनाही नव्हती. नाजूक चालीचा प्रत्येक मुलगा समलिंगी नसतो आणि समलिंगी मुलगा मैदानावर कबड्डीत सर्वांत दणकट गडीही असू शकतो, हे त्या वेळी मलाही ठाऊक नव्हते. गावातल्या सप्ताहात नाथांच्या भारुडासाठी लुगडे नेसून उभा राहिलेल्या बाप्याला सारा गाव मान डोलावून दाद देई, आणि त्याच गावात हात जरा हलवून बोलणाऱ्या पोराला वाट चालणे नकोसे होई, याचे कोडे मला आजही उलगडलेले नाही.

मधल्या सुट्टीत मुतारीकडे जाण्याची माझी हिंमत नसे, कारण तेथे चार-पाच मुले वाट अडवून उभी असत आणि चड्डी ओढत. म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून मी पाणीच पीत नसे. मार्च-एप्रिलच्या उन्हात, रांजणाशेजारच्या बाकावर बसून, घशाला कोरड पडलेली असताना मी इतिहासाच्या सनावळ्या पाठ केल्या आहेत. हे एका शिक्षकांना सांगितले तेव्हा, "तू जरा मुलासारखा राहा," एवढेच उत्तर मिळाले. मराठीच्या बाईंना मात्र मी काहीच सांगितले नव्हते, तरी तास सुरू होऊन पाच मिनिटे झाली की त्या माझ्याकडे न पाहता, "जा, पाणी पिऊन ये," असे म्हणत. त्या वेळी मुतारी रिकामी असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्यानंतर कितीतरी रात्री लोक घरात झोपायला धजत नव्हते. आमच्या गल्लीतली घरे शाळेच्या मैदानावर येऊन पडत. माझ्या वर्गातली मुले एका रांगेत सतरंज्या टाकत, पण माझी वळकटी उलगडली की शेजारचा मुलगा आपली उचलून दुसरीकडे नेई. सारे गाव मृत्यूच्या धाकाने एकत्र आलेले असताना ती दोन हात मोकळी जमीन माझ्या बाजूला पडलेली असे. तिसऱ्या रात्री बाईंनी आपल्या धाकट्या मुलाचे अंथरूण तेथे आणून टाकले.

मी सहावीची परीक्षा देऊन सुट्टीत होतो तेव्हा, १७ मे १९९० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली होती. ही बातमी आमच्या शाळेपर्यंत पोहोचली नाही. विज्ञानातला पुनरुत्पादनाचा पाठसुद्धा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला जाई, तेथे या विषयाचे नाव कोण घेणार? मला शिवी ठाऊक होती, पण तिच्याजागी वापरायचा साधा, सभ्य शब्द कोणी दिला नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. आपल्याला काहीतरी असाध्य जडले आहे या समजुतीत मी वयाची पंचविशी गाठली.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे, १८६० च्या दंड संहितेतले ३७७ वे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आमच्यापुरते शिथिल केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असे एकमताने ठरवले. इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागायला हवी, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले. आदल्या दिवशी शिक्षक दिन होता आणि बाईंना फोन करायचा राहून गेला होता. निकालाच्या संध्याकाळी तो केला आणि सगळे सांगून टाकले. बाई म्हणाल्या, "लेकरा, मला दिसत होतं रे. पण काय म्हणून बोलावं, तेच कळत नव्हतं."

विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, त्यामुळे अर्जातल्या त्या रकान्याला आजही कायद्याचा आधार नाही. ती लढाई शाळेने लढावी असे मी म्हणत नाही. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्येच रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि ते नियम महाविद्यालयांसाठी आहेत. मूल तेथवर पोहोचण्याआधीच्या दहा वर्षांत त्याचे जे होते ते आपल्या हाती असते. म्हणून संचालक मंडळाला माझी विनंती आहे की माझी देणगी प्रवेशद्वाराच्या कमानीवर खर्च न करता शाळेत नियमित येणाऱ्या समुपदेशकाच्या मानधनासाठी ठेवावी, आणि आठवीपासूनच्या मुलांना हा विषय शिक्षकांनी स्वतः, सरळ आवाजात, एकदा तरी समजावून सांगावा. मुतारीला दारे बसवावीत हेही मी पत्रात लिहिले आहे.

समारंभाला आम्ही दोघे येणार आहोत. बाईंना तसे कळवले, तेव्हा आपल्याकडचे तिखट त्याला सोसते का, एवढेच त्यांनी विचारले.