दुखत होती कंबर, औषध चाललं खुब्याचं

आमचा रॉकी आठ वर्षांचा जर्मन शेफर्ड. गाडीचं दार उघडलं की पुढचे पाय सीटवर ठेवायचा आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहायचा. मागून उचलून द्यावं लागायचं. एक्स-रेत खुब्याची थोडी झीज दिसली, गोळ्या सुरू झाल्या.

आणि तिथेच चार महिने गेले. दर वेळी मी सांगायचे, उठताना कण्हतो, शेपूट वर घेत नाही, मागच्या पायांची नखं फरशीवर खरखर घासतात. दर वेळी उत्तर एकच: वय झालं, मोठ्या जातीत खुबा जातोच. त्या चार महिन्यांत कुणी त्याच्या कंबरेवर हात ठेवून बघितलं नाही. राग अजून जात नाही. खुबा आणि कंबर, दोन्ही एकाच कुत्र्यात बिघडलेली असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचंच नाही का?

दुसऱ्या डॉक्टरांनी पाऊल उलटं टेकवून बघितलं. सरळ करायला रॉकीला क्षणभर उशीर झाला. मग शेपूट हळूच वर उचललं, तर तो किंचाळून मागे वळला. कंबरेचा शेवटचा, सातवा मणका आणि त्रिकास्थी (कंबरेच्या मागचं, शेपटीच्या आधीचं हाड) यांच्यामधली गादी झिजून फुगते, तिथल्या नसा चिमटतात. एक्स-रेत हाड दिसतं, नस नाही. म्हणून एमआरआय. त्याला भूल लागते, आधी रक्ततपासणी करून घ्या.

जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूच झिजण्याचा एक आजार असतो, त्याची मला धास्ती होती. पण तो दुखत नाही, आणि रॉकीला दुखत होतं.

आराम, वजन कमी, गोळ्या, सगळं केलं. डोस कमी केला की दुखणं परत. शेवटी ऑपरेशन केलं, मणक्याचं वरचं हाड काढून नसा मोकळ्या केल्या. लघवीवरचा ताबा गेल्यावर ऑपरेशनचा भरवसा कमी होतो, तोवर थांबू नका. आणि हो, मेलॉक्सिकॅमसारखी दुखणं-सूज कमी करणारी गोळी चालू असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळू देऊ नका, पोटात व्रण होतात. दवाखान्यात कुत्रा ताठ चालतो, म्हणून घरातल्या चालण्याचा व्हिडिओ आधीच काढून ठेवा. मी फार उशिरा काढला.

गळपट्टा सोडून आता छातीचा पट्टा. उडी बंदच, गाडीला फळी लावली आहे. काल मी दारात आले तेव्हा शेपूट वर घेऊन हलवलं, आणि कण्हला नाही.