१.४१ चं उत्तर

मे २०१५. जुन्नरकडच्या एका तात्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टोमॅटोच्या पानाचा फोटो पाठवला. मी डबा खाता खाता टाकलं, ‘नागअळी’, म्हणजे पान आतून पोखरणारी कीड. पानावरचे चट्टे पसरट होते. नागअळीची रेघ अरुंद, वळणावळणाची. फरक दिसला होता, पण भाजी गार होत होती.

आठ दिवसांनी फोन. “साहेब, दोन फवारण्या झाल्या. आता फळाला देठापाशी भोकं पडायला लागलीत.”

नागअळी फळात शिरत नाही. डबा तसाच ठेवून गाडी काढली.

प्लॉटवर पान उन्हाकडे धरलं आणि चट्ट्याचा पापुद्रा नखानं उचलला. आत हिरवट अळी, डोक्यामागे काळी पट्टी, आणि पाय. नागअळी माशीची पिल्लावळ, तिला पाय नसतात. ही पतंगाची होती. टूटाचा संशय आला, टोमॅटोची पानं आणि फळं दोन्ही पोखरणारी कीड. मूळ दक्षिण अमेरिकेतली ही टूटा २०१४ साली भारतात सापडली, तीही पुणे जिल्ह्यात. म्हणजे तात्यांना ठाऊक नसणं साहजिक, मला मात्र सबब नव्हती.

तीन डेल्टा ट्रॅप लावले, म्हणजे आत चिकट कागद असलेले तिकोनी सापळे. ल्युर, म्हणजे मादीच्या गंधाचं आमिष, हातमोजे घालूनच बसवलं. आदल्या दिवशी दुसऱ्या किडीचं ल्युर हाताळलेलं बोट लागलं की भलतेच पाहुणे येतात. सकाळी चिकट कागदावर सहा-सात मिलिमीटरचे राखाडी पतंग भरून पडले होते. सोबतचा सहकारी म्हणाला, “ल्युरला आलेत म्हणजे टूटाच, लिहून टाका.” आमच्याकडे निम्मे अहवाल असेच लिहिले जातात. इथे तर गोठ्यामागे बटाट्याची अरण, म्हणजे साठवणीचा झाकलेला ढीग, होती, आणि बटाट्यावरची पाकोळी याच कुळातली. डिंकात खवले निघून गेल्यावर दोघी सारख्याच मळकट दिसतात. एक-दोघांच्या मिशांवर काळे-पांढरे पट्टे शाबूत होते, पण तेवढ्यावर सही करायची माझी तयारी नव्हती. एकदा तोंडघशी पडलो होतोच.

लॅबमध्ये पतंग डिंकातून सोडवून पोटाचं टोक दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केलं. मऊ झाल्यावर बारीक ब्रशनं खवले झाडले. या कामात माझा हात बसलेला आहे, हे सांगायला मला लाज नाही. तरी पहिला नमुना सुईखाली फाटला. दुसऱ्यात नराच्या जननेंद्रियाच्या दोन्ही झडपा, ज्यांवरून जात ओळखतात, नीट उघडल्या: बोटासारख्या, टोकाशी केसाळ. टूटाच.

संध्याकाळी तात्यांना कळवलं. पोखरलेली पानं-फळं बांधावर न टाकता पुरायला सांगितली. दुकानदारानं तोवर त्यांना चाळीस सापळे घ्या, फवारणीच लागणार नाही, असं पटवलं होतं. सापळ्यात नरच येतात. अंडी घालायला माद्या पिकात मोकळ्याच राहतात, हे दुकानदाराला कोण सांगणार?

तात्या शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मग आधीच्या दोन फवारण्या मी कशावर मारल्या?”

मी म्हणालो, “माझं चुकलं.” ते “बरं” म्हणाले आणि मजुरांना हाक मारायला गेले.

ती स्लाइड पेटीत आहे. चॅटही अजून फोनमध्ये आहे. फोटो १.४० ला आलाय, माझं ‘नागअळी’ १.४१ ला.