वनडे खरंच कंटाळवाणी झाली का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी क्लब सामन्यांची स्कोअरर. हातात सतत स्कोअरबुक दिसतं म्हणून असेल, पण भेटणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतोच: "खरं सांगा, वनडे बघवते का हो आता? टी-ट्वेंटी तीन-साडेतीन तासांत आटपते. हे आठ तास कोण बसणार?" सामना चालू असताना मान वर करून उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

मला ही पन्नास ओव्हर्सची वनडे अजिबात कंटाळवाणी वाटत नाही. कसोटी, वनडे, टी-ट्वेंटी या क्रिकेटच्या तीन प्रकारांतला हा माझा सगळ्यात लाडका. त्याला कंटाळवाणं करायची खटपट मात्र बरीच झाली आहे, आणि त्याबद्दल माझा राग आहे. तो पुढे येईलच.

तुमची तक्रार खरं तर मधल्या ओव्हर्सबद्दल असते. पहिल्या दहा ओव्हर्समध्ये खेळपट्टीभोवतीच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, त्यामुळे फटकेबाजी. शेवटच्या दहात हाणामारी. राहिल्या मधल्या तीस. "तेवढ्या वेळात जेवून घेतो," असं मला एकाने सरळ सांगितलं होतं. माझ्या मते खरा सामना त्या तीस ओव्हर्समध्येच असतो.

स्कोअरबुकात त्या भागाचं पान बघा. टिंब म्हणजे धाव नाही. टिंब, एक, टिंब, टिंब, एक, एक. पुन्हा टिंब, एक. वरवर बघणाऱ्याला तिथे काहीच घडत नाही असं वाटेल. पण समजा डावखुरा फिरकीपटू टाकतोय. फलंदाज दर ओव्हरला लांब सीमेजवळ, लाँगऑनला ढकलून आरामात एक धाव घेतोय. कर्णधार दोन ओव्हर्स बघतो आणि लाँगऑनच्या क्षेत्ररक्षकाला पुढे, मिडऑनवर ओढतो. फुकटची धाव बंद. आता त्याच्या डोक्यावरून मारायचं की स्वीप करायचा? फलंदाज स्वीप करतो, दोन धावा मिळतात. लगेच डीप स्क्वेअर लेग मागे जातो. तीन टिंबं. चौथा चेंडू जरा हळू, जरा पुढे, आणि इतका वेळ खाली ठेवलेली बॅट वर जाते. वहीत लिहायचं फक्त झेलबाद, पण ती विकेट चार ओव्हर्स शिजत होती. टी-ट्वेंटीत गोलंदाजाला मुळात चारच ओव्हर्स मिळतात, त्याही तुकड्यातुकड्यांनी. दहा ओव्हर्सचा कोटा असला की त्याला फलंदाजाला ओळखायला वेळ मिळतो, आणि फलंदाजालाही त्याला.

वेळ मिळतो, हीच या खेळाची सगळी जादू. ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, विश्वचषकातला ऑस्ट्रेलिया-अफगाणिस्तान सामना आठवा. २९२ धावांचा पाठलाग करताना एकोणिसाव्या ओव्हरमध्ये ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. हाच धावफलक टी-ट्वेंटीत मांडून बघा, सामना संपलेला असतो. इथे अजून एकतीस ओव्हर्स शिल्लक होत्या. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: ग्लेन मॅक्सवेल नाबाद २०१, पायात गोळे आलेले, धावता येईना, जागेवर उभा राहून नुसत्या हातांनी षटकार. मला मात्र त्या दिवशीचा दुसरा आकडा जास्त प्रिय आहे. पॅट कमिन्स, ६८ चेंडूंत नाबाद १२. कुठल्याही टी-ट्वेंटी संघातून त्या खेळीबद्दल माणसाला हाकलून देतील. इथे ती २०२ धावांच्या अभेद्य भागीदारीचा पाया होती. रशीद खान, मुजीब, नूर अहमद या फिरकीपटूंसमोर कर्णधार स्वतः अडसष्ट चेंडू ठाण मांडून उभा राहिला, म्हणून पलीकडचा वेडा होऊ शकला. एकाच भागीदारीत दोन टोकांचं क्रिकेट, आणि दोन्ही तितकंच गरजेचं.

त्याच मैदानावरचा २०११ च्या विश्वचषकाचा श्रीलंकेविरुद्धचा अंतिम सामना घ्या. समोर २७५ चं लक्ष्य. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, पाठोपाठ सचिन १८ वर. २ बाद ३१, अख्खं वानखेडे गप्प. धोनीचा शेवटचा षटकार हजारदा दाखवतात, दाखवावाच. पण गंभीर आणि कोवळ्या कोहलीने त्या शांततेत ८३ धावांची जी भागीदारी केली, तिची चित्रफीत कुणी एकमेकांना पाठवत नाही, कारण तीत पाठवण्यासारखा असा एक फटकाच नाही. नुसत्या एकेरी-दुहेरी धावा, गॅपमध्ये ढकललेले चेंडू, डाइव्ह मारून गंभीरची मातीत माखलेली जर्सी. मलिंगाच्या दोन तडाख्यांनंतर डाव उभा राहिला तो तिथे. धोनी पाचव्या क्रमांकावर आला तेव्हा त्याच्यासमोर जिंकता येण्याजोगा सामना होता.

आणि हे सगळं जुनं झालं असं म्हणाल, तर महिला विश्वचषकाची ३० ऑक्टोबर २०२५ ची नवी मुंबईतली उपांत्य लढत बघा. ऑस्ट्रेलियाच्या महिलांच्या ३३८ धावा. जेमिमा रॉड्रिग्स दुसऱ्याच ओव्हरमध्ये मैदानात आली आणि जिंकूनच बाहेर गेली, नाबाद १२७. झेल सुटले, ती थकली, पण हरमनप्रीतबरोबर १६७ धावा जोडताना तिने धावगती हातातून निसटू दिली नाही. त्या डावात भीती होती, हिशेब होता, मध्येच थोडं नशीब होतं. वीस ओव्हर्समध्ये एवढं सगळं एका माणसाच्या वाट्याला येत नाही. त्या रात्री कुणाला झोप आली असेल तर मला भेटवा.

आता तुमच्या बाजूचं. रटाळ वनडे असतातच, आणि पहिल्यापासून आहेत. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने साठ ओव्हर्समध्ये ३३४ केल्यावर गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ वर नाबाद राहिले. तेव्हा टी-ट्वेंटी जन्मालाही आली नव्हती. २०२३ च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यात के. एल. राहुलच्या १०७ चेंडूंत एकच चौकार होता. तो डाव लिहिताना माझा जीव कासावीस झाला. पण त्याला कंटाळा नाही म्हणणार मी. कंटाळलेला माणूस चॅनल बदलतो, आणि त्या दिवशी कुणीही चॅनल बदलला नाही.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. २०११ च्या अखेरीस दोन्ही टोकांकडून दोन नवे चेंडू आले. म्हणजे डाव संपेपर्यंत एकही चेंडू पंचवीस ओव्हर्सपेक्षा जुना होईना. चेंडू जुना झाला नाही की रिव्हर्स स्विंग (जुन्या चेंडूचं हवेत उलट्या बाजूला वळणं) गेला, फिरकीपटूची पकड गेली. त्यातच वर्षभराने मधल्या ओव्हर्समध्ये वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवायची अट आली. मग फलंदाजाला भीती कसली? इंग्लंडने २०१८ मध्ये ४८१ केल्या, २०२२ मध्ये ४९८. विक्रम मोठे, पण माझ्या वहीत ती पानं एकसारखी दिसतात. कंटाळा यायचाच असेल तर मला इथे येतो. कामचलाऊ गोलंदाजांचाही यात बळी गेला. सचिन, सेहवाग, युवराज मध्ये येऊन सहा-सात ओव्हर्स टाकून जायचे. २०११ च्या विश्वचषकात युवराजने १५ विकेट्स काढल्या होत्या! चारच जण बाहेर असताना असा जुगार खेळायची कर्णधारांची हिंमत आटली. म्हणूनच २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतने शफाली वर्माकडे चेंडू दिला आणि तिने सुने लुस आणि मारिझान कॅप यांना घालवलं, तेव्हा मी वही बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

दुसरा दोष वेळापत्रकाचा. दोन देश तीन सामने खेळतात, मालिका दुसऱ्याच सामन्यात निकालात निघते, तिसऱ्यात राखीव खेळाडू उतरतात. तो सामना कुणी का बघावा? २०२० ते २०२३ मध्ये आयसीसीने सुपर लीग चालवली होती. तेरा संघ, प्रत्येक विजयाला दहा गुण, त्यावर विश्वचषकाचं तिकीट. मेलेल्या मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यालाही त्यामुळे किंमत आली होती, आणि नेदरलँड्ससारख्या संघाला मोठ्यांशी नियमित खेळायला मिळत होतं. २०२३ नंतर ती गुंडाळली. मला ते अजून पटलेलं नाही. प्रेक्षकांना आठ तास जड जात नाहीत, बिनकामाचे आठ तास जड जातात.

एक बरं पाऊल मात्र पडलं आहे. जुलै २०२५ पासून दोन चेंडू चौतिसाव्या ओव्हरपर्यंतच चालतात. पस्तिसाव्यापासून क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यातला एक निवडतो आणि शेवटपर्यंत तोच वापरतो. म्हणजे सतरा ओव्हर्स खेळलेला चेंडू शेवटी तेहेतीस ओव्हर्सचा होतो. फलंदाजाच्या पायाशी पडणारा यॉर्कर पुन्हा आत वळायला तेवढं वय पुरेसं ठरावं अशी मला आशा आहे. आता चौतिसावी ओव्हर संपली की मी धावफलक सोडून कर्णधाराच्या हातांकडे बघते. तो दोन्ही चेंडू फिरवून बघतो, जास्त खरवडलेला कुठला, शिवण कुठल्याची उरली आहे, गोलंदाजाला विचारतो. तुम्ही जेवायला उठता ना, ते त्यानंतर उठा.